डावा डोळा तुलनेसाठी

तीर्थरूप आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (या वेळी शब्दशः. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथी पडून लिहिते आहे, कारण बोका दिवाणाखाली जाऊन बसला आहे आणि त्याचं तोंड पुसायची वेळ झाली आहे. त्याच्याशी वाटाघाटी करायच्या तर उंची त्याचीच घ्यावी लागते.) तुझा गुडघा कसा आहे? जिना एका दमात चढतेस, की अजून अर्ध्यावर थांबून पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं दाखवतेस? जावईबापूंच्या शिंका एव्हाना थांबल्या असतील, कारण शिंकांचं मूळ गेले बावीस दिवस आमच्या घरी आहे. ताईला सांग, तिनं पाठवलेली चादर मिळाली, तिच्यावर कोण झोपतं ते तिनं विचारू नये. इकडे सगळे ठीक. म्हणजे आई बरी आहे, मी कामावर जाते, आणि बाबा कालपासून माझ्याशी फक्त आईमार्फत बोलतात.

काल संध्याकाळी तू फोनवर विचारलंस की दंतवैद्यबाई काय म्हणाल्या, आणि मी ‘सविस्तर लिहिते’ म्हणून फोन ठेवला. त्याचा तुला राग आल्याचं ताईकडून कळलं. पण फोनवर तू प्रश्न विचारतेस, त्याचं उत्तरही तूच देतेस आणि मग त्या उत्तराबद्दल मला रागावतेस. त्यात माझी गरज फारशी नसते. कागदावर तुला निदान शेवटपर्यंत थांबावं लागेल. (मधली पानं गाळून शेवट वाचू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.)

तर क्रमानं. तू कायमची ताईकडे, म्हणजे लेकीकडे, राहायला गेलीस, जावयांना कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात, म्हणून बोका आमच्याकडे आला. वजन सहा किलो दोनशे ग्रॅम, रंग पांढरा, केस लांब, आणि दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून मिशांपर्यंत उतरलेले दोन तांबडे-तपकिरी ओघळ, नळ गळून गळून मोरीच्या फरशीवर पडतात तसे. दारात उभ्या उभ्या तू मला सांगितलंस की बरोबर तीन आठवड्यांनी, रविवारी अकरा वाजता, दंतवैद्यबाई त्याला बघायला येणार. (‘बघायला येणार’ हे शब्द तुझ्या तोंडून मी पूर्वीही ऐकले आहेत. तेव्हा चेहरा माझा होता.) त्यांचा सोफा पांढरा, पडदे पांढरे, त्यांना कुत्राही पांढरा हवा. डाग दिसले तर त्या नेणार नाहीत. त्यांनी नेला नाही तर तो बागवाल्यांकडे जाईल, म्हणजे तुझ्या त्या रोपं विकणाऱ्यांकडे, आणि तिथे गोदामाच्या दाराशी साखळीला राहील. हे सगळं तू रिक्षा थांबवून, एक पाय आत ठेवून सांगितलंस. मग म्हणालीस, “तू शिकलेली आहेस, डाग काढ.”

मी रंगाच्या कारखान्यात छटा जुळवते. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणून देतं आणि म्हणतं, अगदी असाच रंग द्या. मी तो देते. माझं शिक्षण रंग तंतोतंत आणण्याचं आहे, घालवण्याचं नाही. पण हा फरक समजावून सांगेपर्यंत रिक्षा कोपऱ्यावर वळली होती.

त्याच दुपारी घरात सल्ल्यांचा पूर आला. खालच्या काकू व्हिनेगरची बाटली घेऊन वर आल्या. त्यांच्या मते व्हिनेगरनं तांब्याच्या भांड्याचे डाग जातात, मग कुत्र्याचे का नाही जाणार. मी म्हटलं, भांड्याला डोळे नसतात. त्यावर त्या आईकडे बघून म्हणाल्या की हल्लीच्या मुली फार बोलतात. बाबांनी औषधांच्या पेटीतून हायड्रोजन पेरॉक्साइड काढलं आणि केस पांढरे करायचा राजमार्ग हाच, असं जाहीर केलं. (बाबांचं मार्गदर्शन नेहमी खुर्चीत बसून असतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी लागतो. बाबांना आरामखुर्ची पुरते.) त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, हे मी त्यांना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले की चष्मा लावला की माणसाला सगळीकडे धोकाच दिसतो. आईनं स्वतःच्या डोळ्यांत घालायचे थेंब पुढे केले. माणसाच्या डोळ्याचं औषध विचारल्याशिवाय कुत्र्याच्या डोळ्यात घालायचं नसतं, हे मी सांगितलं आणि तिला पटलंही. पण जाता जाता ती बोक्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “नणंद गेली, पण डोळे मागे ठेवून गेली.”

यानंतर मी तुझं सामान उघडलं आणि तळाशी मला टाल्कम पावडरचा डबा सापडला. अर्धा रिकामा. डब्याला पांढरे केस चिकटलेले. आत्या, कोणी आलं की तू त्याच्या डागांवर पावडर थापत होतीस ना? इतकी वर्षं? ती पावडर डोळ्यात जाते, डोळा चुरचुरतो, पाणी जास्त येतं, डाग गडद होतो, की मग आणखी पावडर. भिंतीला ओल आली म्हणून वरून चुना फासणाऱ्यांतली तू आहेस हे मला माहीत नव्हतं. डबा मी फेकला. हवा असेल तर नवा घे, पण स्वतःसाठी.

मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. कारण जाणल्याशिवाय डागाला हात लावायचा नाही, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं. मी म्हटलं, बोका. त्यांनी खाली न बघता प्राण्याच्या रकान्यात ‘मांजर’ लिहिलं. मी म्हटलं, कुत्रा आहे. त्या म्हणाल्या, मग नाव सांगा. मी पुन्हा म्हटलं, बोका. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांचा वेळ खाते आहे. पिल्लू असताना तो ओट्यावर चढून दूध प्यायला म्हणून तू त्याचं हे नाव ठेवलंस, ही हकीगत मी आमच्या मागे उभ्या असलेल्या सात माणसांसमोर, एका बोकडासमोर आणि एका पोपटासमोर सांगितली. तरीही कागद तसाच आत गेला असावा, कारण मदतनीस बाई कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घालून आल्या आणि टेबलावर कुत्रा बघून खट्टू झाल्या.

डॉक्टर मात्र कामाचे निघाले. वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी आधी पापण्या उलटून बघितल्या, मग दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब पिवळ्या-हिरव्या रंगाचा सोडला आणि म्हणाले, आता नाक बघा. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला एक बारीक नळी असते; ती तुंबलेली असेल तर पाणी गालावरून वाहतं. पाच मिनिटांत बोक्याच्या दोन्ही नाकपुड्या हिरव्या झाल्या, म्हणजे नळ्या मोकळ्या. (रंगाचा इतका सरळ उपयोग मी कारखान्यात सहा वर्षांत बघितला नाही. त्या हिरव्याचा नंबर विचारला तर डॉक्टर म्हणाले, बाई, कुत्रा धरा.) कारण साधं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातले केस वाढून आत शिरले होते आणि दिव्यातल्या वातीसारखे पाणी बाहेर ओढत होते. ते त्यांनी दोन्ही बाजूंचे बोथट टोकाच्या कात्रीनं कापले.

तिथे मी बाबांचा सिद्धान्तही मांडला, कारण मांडते असं घरी कबूल करून निघाले होते. बाबांचं म्हणणं, तो तुझ्या आठवणीनं रडतो. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, “कुत्रा रडत नाही. त्याचं नुसतं पाणी वाहतं. त्या पाण्यात एक रंगद्रव्य असतं, ते केसावर वाळतं आणि उजेडानं तांबडं होतं. डाग हा आजार नाही. ओल हा त्रास आहे.” मग भराभर सांगितलं: रोज दोनदा पुसा, कोरडं ठेवा, केस वाढू देऊ नका, डोळा लाल झाला, त्यानं मिटून धरला किंवा घट्ट पिवळी घाण आली तर घरी काही करत बसू नका, इकडे आणा. डाग घालवणारी पावडर किंवा गोळी दुकानात मिळेल, ती मला विचारल्याशिवाय देऊ नका. काहींत जंतूंवरचं औषध मिसळलेलं असतं. आणि जो केस रंगला तो रंगला. तो पांढरा होत नाही. तो कापायचा किंवा वाढून जाईपर्यंत थांबायचं.

बाबांना हे पटलं नाही. त्यांनी गुरुवारी तुझा फोन आल्यावर स्पीकर लावून तो बोक्याच्या कानाशी धरला, आठवणीनं पाणी वाढतं हे सिद्ध करायला. तू तेव्हा ताईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना नावं ठेवत होतीस. मी डोळ्याखाली टिपकागद लावून ओल मोजली. फोनच्या आधी आणि नंतर, फरक नाही. तो मात्र उठून बाहेरच्या दाराशी जाऊन बसला, चाळीस मिनिटं. ते मोजायचं मी ठरवलं नव्हतं.

दुसरा सिद्धान्त पाण्याचा. कोणीतरी बाबांना सांगितलं की नळाच्या पाण्यातल्या लोहानं डाग पडतात. झालं. बाटल्या आल्या. रेडा आजारी आणि औषध पखालीला, अशातली गत. मी आमच्या नळाचं पाणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत तपासलं. लोह नावालाही नव्हतं. ते बाटल्यांचं पाणी आता बाबा स्वतः पितात आणि त्यानं पचन सुधारल्याचं सांगतात. मी फक्त प्लॅस्टिकचा वाडगा काढून स्टीलचा ठेवला, कारण प्लॅस्टिकच्या चरांमध्ये जंतू बसतात आणि तो रोज घासूनही स्वच्छ होत नाही. स्टीलच्या तळात बोक्याला दुसरा कुत्रा दिसला. दोन दिवस तो त्याच्यावर भुंकत राहिला, तिसऱ्या दिवशी त्याच्या वाटचं पाणी पिऊन टाकलं.

आता पद्धत सांगते, म्हणजे तुला कळेल की मी काय कारभार मांडला होता. पाणी उकळून कोमट केलेलं. कापूस नाही, त्याचे तंतू डोळ्यात जातात. जुन्या मलमलीचे चौकोन. (मलमल आईच्या ओढणीची. तिला हे या पत्रातून कळू नये.) चौकोन ओला करून डागावर नुसता धरायचा, वाळलेलं मऊ होईपर्यंत. चोळायचं नाही. मग डोळ्यापासून लांब, केसांच्या दिशेनं, एकदाच पुसायचं आणि चौकोन बाजूला टाकायचा. कोरड्या फडक्यानं मुळापर्यंत टिपायचं, बारीक फणी फिरवायची. रंगलेले केस कात्रीनं, बोटाची आड धरून, एका बैठकीत तीनच वेळा कापायचे, कारण चौथ्या वेळी तो मान फिरवतो. एकूण चार मिनिटं. त्याआधी त्याला दिवाणाखालून काढायला अकरा. पातेल्याचा आवाज झाला की तो जातो. मी पातेलं बदललं. तो पातेल्याचा नव्हे, माझ्या बाह्या वर करण्याचा अर्थ लावत होता. मी बाह्या आधीच वर करून घरी येऊ लागले, तर कामावरून आले की तो जाऊ लागला. सहा वर्षं मी गिऱ्हाइकांशी वाद घातले आहेत, पण इतका मुद्दा न सोडणारा समोरचा पक्ष मला मिळाला नाही. नवव्या दिवशी तो स्वतः बाहेर आला आणि हनुवटी माझ्या तळहातावर ठेवून उभा राहिला. वहीत मी ‘सहकार्य: वाढले’ एवढं लिहिलं आहे.

वही आहे, हे तुला अपेक्षित असेल. मी कारखान्यातलं जुनं शेडकार्ड घरी आणलं होतं. पहिल्या दिवशी दोन्ही डोळ्यांखाली ‘भाजकी वीट’. (आमच्या विक्रीवाल्यांनी ठेवलेली नावं आहेत, मी नंबरच वापरते, पण तुला नंबरांवरून काही दिसणार नाही.) रोज सकाळी खिडकीपाशी, त्याच उजेडात, कार्ड गालाशी धरून नोंद.

आणि इथे एक गोष्ट शांतपणे समजून घे. उपाय लागू पडतो का हे बघायचं तर तो एका बाजूला करायचा आणि दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवायची. नाहीतर डाग पुसण्यानं गेला, की पावडर बंद झाली म्हणून, की घर बदललं म्हणून, हे कोणालाच सांगता येणार नाही. दोन्ही नळ्या मोकळ्या, कोपऱ्यातले केस दोन्हीकडचे कापलेले, म्हणजे डोळे सारखे. मी उजवा डोळा उपायाला घेतला. डावा तुलनेसाठी. डाव्याखाली फक्त कोरडं टिपत होते (ओल राहिली तर कातडी चिघळते, आणि प्रयोगासाठी मी कोणाची कातडी चिघळू देणार नाही), बाकी ना पाणी, ना कात्री. असं आम्ही रोज करतो. यात चुकीचं काही नाही.

उजवीकडे आठव्या दिवशी ‘वाळकं गवत’, बाराव्या दिवशी ‘हस्तिदंती’, विसाव्या दिवशी ‘दुधी’. डावीकडे विसाव्या दिवशीही ‘भाजकी वीट’. इतका स्वच्छ निकाल मला कारखान्यात क्वचित मिळतो. बाबांना फरक कळलाच नाही, कारण बोका त्यांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला बसतो आणि त्यांना फक्त उजवा गाल दिसतो. ते खालच्या काकूंना सांगून आले होते की डाग साफ गेला. आईनं मात्र शनिवारी त्याला दोन्ही बाजूंनी बघितलं, मग मला बघितलं, आणि म्हणाली, “तुझ्या लक्षात आलं नाही, असं तर होणार नाही.” मी म्हटलं, काय? ती कपडे वाळत घालायला गेली.

रविवारी अकराला तीन मिनिटं कमी असताना दंतवैद्यबाई आल्या. बाई चांगल्या आहेत, हे मी आधीच सांगते, नाहीतर तू त्यांना नावं ठेवशील. पांढरा सदरा, पांढरे बूट, आवाज हळू. बाबांनी बोक्याला मांडीवर घेतलं होतं, अर्थात उजवा गाल पुढे करून. बाई म्हणाल्या, किती स्वच्छ ठेवलाय. बाबांनी मान डोलावली, जणू मलमल त्यांनीच धरली होती. मग बाईंनी त्याची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड स्वतःकडे वळवलं, रोज माणसांची वळवतात तसं, आणि थांबल्या.

“हा डोळा दुखतोय का त्याचा?”

“नाही,” मी म्हटलं. “तो तुलनेसाठी आहे.”

“कशाच्या?”

“या डोळ्याच्या.”

बाबांनी त्या वेळी जो आवाज काढला तो मला लिहिता येत नाही. मी वही आणली. शेडकार्ड आणलं. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. असं ऐकून घेणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं. त्यांनी विचारलं, डावाही असाच होईल? मी म्हटलं, होईल, तीन आठवड्यांत. आणि मग? मग हेच चालू ठेवायचं, सकाळी चार मिनिटं, संध्याकाळी चार मिनिटं, दर महिन्याला कात्री. मधे मला तापामुळे दोन दिवस जमलं नव्हतं तर उजवी छटा एका घरानं गडद झाली होती, तेही मी दाखवलं. त्या म्हणाल्या, किती दिवस चालू ठेवायचं? मी म्हटलं, तो आहे तोवर.

बाईंनी शेडकार्डावर ‘भाजकी वीट’पासून ‘दुधी’पर्यंत बोट फिरवलं. मग हसल्या. “मी रोज तीस माणसांना सांगते, दिवसातून दोनदा दात घासा. तीसही जण हो म्हणतात. घरी जाऊन कोणी घासत नाही. मला ते ‘हो’ दुरून ओळखता येतं हो.” त्यांनी बोक्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “आत्ता माझ्या तोंडात तेच आलं होतं.”

आणि त्या गेल्या. चहा घेऊन, आईला अक्कलदाढेबद्दल फुकट सल्ला देऊन, बोक्याला न घेता.

यानंतर बाबा जे बोलले ते तुझ्या घराण्याचं वळण असल्यामुळे तुला तोंडपाठ असेल. सारांश असा की, माल विकायला बसल्यावर त्याची खोट आधी दाखवणारी दुकानदारीण त्यांनी जन्मात पाहिली नाही. दोन डोळे पुसायला दिले तर एकच पुसणारी पोरगीही पाहिली नाही. आता त्या मुक्या जिवाला साखळीला बांधतील, त्याला ही वही जबाबदार. “हात दाखवून अवलक्षण,” ते आईला म्हणाले, माझ्याकडे बघून. आई म्हणाली, “हात नाही, डोळा.” तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत आहे.

तर हा अहवाल. दंतवैद्यबाईंचं उत्तर नाही असं आहे. दोष पद्धतीचा नाही, वेळापत्रकाचा आहे: तीन आठवडे संपणं आणि त्यांचं येणं एकाच दिवशी पडलं, आणि डाव्या डोळ्याची पाळी त्यानंतर होती. हे मी मान्य करते. उपाय लागू पडतो, हे सिद्ध झालं आहे. त्याबद्दल कोणी अभिनंदन केलेलं नाही, मी अपेक्षाही ठेवली नव्हती. गेले बावीस दिवस माझ्या नाकी नऊ आले आहेत. माझ्या काळ्या कपड्यांवर पांढरे केस आहेत, पांढऱ्या कपड्यांवर तांबडे. माझ्या डाव्या चपलेवर डोकं ठेवल्याशिवाय त्याला झोप येत नाही, म्हणून मी घरात एकाच चपलेनं फिरते. पुन्हा कोणी दारात रिक्षा थांबवून काही सांगायला लागलं तर मी आधी रिक्षाची किल्ली काढून घेईन, हा कानाला खडा.

गुडघ्याला शेक देत जा. ताईच्या कपाटांना तिच्यासमोर नावं ठेवू नकोस. थोरल्यांना माझा नमस्कार, शिंकणाऱ्यांना विशेष.

तुझी भाची

ता. क. पत्र बंद करण्याआधी एक दुरुस्ती. वर ‘वेळापत्रकाचा दोष’ असं लिहिलं आहे, ते अचूक नाही. बाराव्या दिवशी उजवीकडचा निकाल स्पष्ट झाला होता. त्यानंतर डावी बाजू तशीच ठेवायची काही गरज नव्हती. पुढचे नऊ दिवस तिच्यातून कोणतीही नवी माहिती मिळाली नाही. कारखान्यात मी असं केलं असतं तर साहेबांनी कारण विचारलं असतं. त्या नऊ दिवसांच्या नोंदींत ‘शेरा’ हा रकाना मी कोरा सोडला आहे.

आणखी एक. बागवाल्यांचा आज दुपारी मला कामावर फोन आला. टेम्पो बुधवारी इकडून जाणार आहे, कुत्रा तयार ठेवता का, असं विचारत होते. मी सांगितलं की कुत्र्याची सोय झाली आहे. कोणाकडे ते त्यांनी विचारलं नाही. तू विचारशील, म्हणून त्यांना तू फोन करू नयेस हे बरं. बाबांना अजून माहीत नाही. त्यांना आणखी दोन-तीन दिवस रागावू दे, त्यानंतर मी आईमार्फत कळवेन.

शेवटचं. त्याच्या लसींचं पुस्तक तुझ्या कपाटाच्या खणात राहिलं आहे. ते पाठव, पुढची लस याच महिन्यात आहे. पहिल्या पानावर मालकाच्या नावापुढे तू आहेस. तिथे एक सरळ रेघ मार आणि बाजूला सही कर. खाली काही लिहू नकोस, तुझं अक्षर मोठं असतं. तेवढी जागा मला लागेल.